पट्टीवरचे चौकोन

सृष्टी रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर येते, चप्पल काढते, भिंतीवरच्या सरस्वतीच्या तसबिरीपुढं उदबत्ती लावते आणि मग सतरंजीवर बसते. सातवीतली मुलगी. जूनमध्ये तिनं हे आपणहून सुरू केलं, म्हणून मला त्याचं फार कौतुक होतं. सुनेला, स्नेहलला, मी दोनदा म्हणालोही होतो, बघ, अशा गोष्टी मुलांना शिकवाव्या लागत नाहीत. ऑगस्टमधल्या त्या सोमवारी उदबत्ती लागली नाही. मी चष्मा आणायला आत गेलो होतो आणि परत येताना दाराच्या आतच थांबलो, कारण बाहेर ओम बोलत होता. ओम तिसरीतला, पंधरा दिवसांपूर्वी यायला लागलेला. "ताई, आज उदबत्ती नाय लावली?" "पुडा संपला." "मग आता?" "मग काय, तोंडानं श्वास घे. नाक दाबू नको, गुरुजींना दिसंल. तोंडानं घे, सवय होती." चष्मा माझ्या हातातच होता. तो मी उगाच धोतराच्या सोग्यानं पुसत राहिलो. मग बाहेर जाऊन बसलो आणि अपूर्णांकांची वजाबाकी शिकवली. समोर सात मुलं. सातही जणांची तोंडं किंचित उघडी. गेले दोन-तीन महिने मी ती उघडी तोंडं बघत होतो आणि मला वाटत होतं, मुलं अगदी गुंगून ऐकतायत.

माझ्या डाव्या पायाला, घोट्याच्या आतल्या बाजूला, जखम आहे. दोन वर्षं झाली. सायकलच्या स्टँडचा ओरखडा लागल्याचं निमित्त झालं, पण डॉक्टर म्हणाले, ओरखडा सगळ्यांनाच लागतो, भरून येत नाही त्याचं कारण वेगळं असतं. पायातलं रक्त खालून वर चढायचं असतं. शिरांमध्ये जागोजागी बारीक दारं असतात, ती वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. माझी दारं लागेनाशी झालीत. रक्त वर चढतं, पुन्हा घसरतं, घोट्यापाशी साचतं, कातडी काळी पडते, मग फुटते आणि पाझरत राहते. "उभ्यानं काम करायचात ना?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी मोठ्या अभिमानानं हो म्हणालो होतो. छत्तीस वर्षं मी वर्गात बसलो नाही. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात खुर्ची कोपऱ्यात सरकवून तिच्यावर पृथ्वीचा गोल ठेवला, तो निवृत्तीपर्यंत. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याबद्दल शेऱ्यात दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या ओळी मला अजून पाठ आहेत. मुलांना शिक्षा म्हणूनही मी उभंच करायचो. मला वाटायचं, मी दिवसभर उभा राहतो, त्यांना एका तासाचं काय.

उपाय एकच, घट्ट पट्टी. मलमं, गोळ्या, आयुर्वेदिक काढे, सगळं करून झाल्यावर एप्रिलमध्ये मी आमच्या उपनगरातल्या धर्मादाय दवाखान्यात गेलो. तिथं आधी डॉपलरचं यंत्र लावून पायाकडं येणारा रक्तपुरवठा नीट आहे का ते बघितलं. तो नसेल तर आवळून बांधणं घातक. मग पूजा सिस्टरनं पट्टी बांधली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, पारनेरकडची मुलगी. यासाठी ती पुण्याला पंधरा दिवसांचं शिक्षण घेऊन आलेली. जखमेवर पॅड, त्यावर कापसाचा मऊ थर, आणि त्यावर बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत लवचीक पट्टी. त्या पट्टीवर छापलेले बारीक आयत असतात. ओढून बांधली की आयताचे चौरस होतात. चौरस झाला म्हणजे ताण बरोबर. तिनं हे सांगितलं तेव्हा मी दुखणं विसरलो. आयताचा चौरस कधी होतो, हे मी किती वर्षं रबराच्या दोऱ्या ओढून पोरांना दाखवलं! "गुरुजी, आता गुरुवारपर्यंत ही काढायची नाही," ती म्हणाली. "भिजवायची नाही. चालायचं, आणि बसलं की पाय वर. वास आला, ओली झाली, तर मधेच माझ्याकडं यायचं. लाजायचं नाही." तिच्या या शेवटच्या दोन शब्दांना मी हसलो होतो.

पाय त्या पट्टीत परका वाटायचा. कुणीतरी आपल्या पायाला दोन्ही हातांनी धरून ठेवलंय आणि सोडत नाही, असं. पहिल्या रात्री मी त्या पकडीवर चिडलो, दुसऱ्या आठवड्यात ती सवयीची झाली, पुढं तर बरी वाटू लागली. दर गुरुवारी पूजा जखमेवर पारदर्शक कागद ठेवून पेननं कडा गिरवायची, तो कागद आलेखाच्या वहीवर ठेवायची आणि चौकोन मोजायची. अर्ध्याहून जास्त भरलेला तो एक धरायचा, कमी तो सोडायचा. पाचवीच्या पुस्तकात क्षेत्रफळ असंच आहे. एप्रिलमध्ये बावीस चौकोन होते. ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी चौदा. "आठ गेले," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा पहिल्यांदा बेरीज बरोबर आलेल्या पोरीसारखा झाला. त्यानंतरच्या सोमवारी मी दाराआडून ते ऐकलं.

मंगळवारी चार वाजता मी न्हाणीघरात स्टुलावर बसून पट्टी सोडली. पॅड पिवळं झालं होतं. वास मलाही आला, आणि नवल हे की इतके दिवस तो मला येतच नव्हता. आपला वास आपल्याला येत नसावा. पाय धुतला, नवं पॅड चिकटवलं, वरून जाड मोजा चढवला आणि मोज्याला थोडं अत्तर लावलं. पाच वाजता मुलं आली. सृष्टीनं नवा पुडा आणला होता, उदबत्ती लावली. तास संपेपर्यंत मी त्यांच्या तोंडांकडं बघत होतो. दोन मुलांची मिटलेली होती. सात वाजता मुलं गेल्यावर मी पट्टी पुन्हा बांधायला घेतली. पूजाचे वेढे कसे जातात याची आकृती मी आधीच एका वहीत काढून ठेवली होती; बाणांसकट, क्रमांकांसकट. पण एकाहत्तराव्या वर्षी आपल्याच पावलापर्यंत वाकून पट्टी ओढवत नाही. आयत आयतच राहिले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दर बुधवारी रात्री मी पट्टी साबणानं धुवायचो, आणि गुरुवारी दवाखान्यात निघण्याआधी वरचे, दिसणारे वेढे तेवढे दम लावून ओढायचो, म्हणजे तिला चौरस दिसावेत. साहेब येणार म्हटलं की वहीचं फक्त पहिलं पान नेटकं करणारी मुलं असायची. मी त्यांना लगेच ओळखायचो. मधलं पान उघड, म्हणायचो.

त्या दिवसांत मला सचिन आठवायला लागला. मिरजगावच्या पुढं एका छोट्या गावात मी तेव्हा दोनशिक्षकी शाळेवर होतो, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सचिन दुसरीत होता, कलाबाईंचा मुलगा. गावाच्या खालच्या अंगाला त्यांची बौद्धवाडी. त्याचा कान फुटलेला, सतत वाहायचा, आणि पावसाळ्यात त्याला फार घाण वास यायचा. पोरं कुरकुरायची. मी त्याला दाराशी बसवलं, वारा लागावा म्हणून. मला त्यात काहीच वाटलं नाही. उलट मी त्याला हाकललं नाही, मारलं नाही, शिकवत राहिलो, याचं मला समाधान होतं. आठ दिवसांनी कलाबाई शाळेत आल्या. दाराबाहेरच उभ्या राहून म्हणाल्या, "गुर्जी, पोराला दाराशी का बसवलं?" मी समजावलं, कानाचं आहे, जातीपातीचं माझ्या मनात काही नाही, मी तसला माणूस नाही. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "कान तर त्या पाटलाच्या पोराचा बी फुटलाय. त्यो मदी बसतोय." मी वळून बघितलं. खरंच तो मधल्या ओळीत बसला होता, कानात कापूस घालून. त्याच्या कानात कापूस त्याच्या आईनं घातला होता, की मी घातला होता? इतक्या वर्षांत मला ते नक्की आठवत नव्हतं. आता न्हाणीघरातल्या स्टुलावर, पायावर पाणी घालताना, आठवलं. कापूस मी आणून दिला होता. सचिनला दिला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. सोनईला मामाकडं गेला, असं पोरं म्हणाली. मी हजेरीपटावरून त्याचं नाव कमी केलं आणि शेऱ्यात 'स्थलांतर' लिहिलं.

ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी सोळा चौकोन झाले. त्याच्या पुढच्या गुरुवारी एकोणीस. पूजानं दोनदा मोजले. दुसऱ्यांदा मोजताना तिनं अर्ध्याच्या जवळपासचे सगळे सोडून दिले, तरी अठरा झाले. "काय होतंय कळंना, गुरुजी," ती म्हणाली, "तुमी चालता ना? पाय वर ठेवता ना?" ठेवतो, मी म्हणालो, ते खरं होतं. शेजारच्या खाटेवर गोजरबाई होत्या, त्यांचाही पाय माझ्यासारखाच. बसस्टँडजवळच्या एका खानावळीत त्यांनी तीस वर्षं उभ्यानं भाकऱ्या थापल्या. त्यांची जखम आता हरभऱ्याएवढी उरली होती आणि त्या ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या. "आवं गुर्जी, तुमचा पाय तुमच्यावानीच हाय, आयकत न्हाई कुनाचं," त्या म्हणाल्या. "मी बी पयल्यांदा काढून टाकली हुती पट्टी. लई आग पडली, मग दिली भिरकावून चुलीपाशी. दुसऱ्या दिशी आले न् हिला सांगितलं. हिनं मला झापलं, मी हिला झापलं, फिटलं. व्हय गं?" "फिटलं कुठं? चहा पाजायचा राहिलाय तुमचा," पूजा म्हणाली. दोघी हसल्या. मीही हसलो. बोलायला तेवढी जागा होती, दार अगदी सताड उघडं होतं, आणि मी चष्मा पुसत बसलो.

मग डॉक्टर आले. त्यांनी वही बघितली, पाय बघितला. "पूजा, यांचा उलटा कसा चाललाय? गोजरबाईंचा भरत आला. हात तोच, पट्टी तीच." तिनं वहीत पुन्हा डोकावून बघितलं. "गुरुजी म्हणून घाबरतेस का? सैल सोडतेस, दुखेल म्हणून?" "नाही सर. चौरस बघूनच बांधते." "मग हे काय आहे?" आणि ते माझ्याकडं वळले. "गुरुजी, मधे काढत तर नाही ना पट्टी?" "छे," मी म्हणालो. एवढा एकच शब्द. तो इतका सहज आला की मला माझीच भीती वाटली. डॉक्टरांनी मान हलवली. गुरुजी खोटं बोलणार नाहीत हे त्यांनी धरलंच होतं. म्हणजे उरलं कोण, तर ती. "पुढच्या महिन्यापासून पट्ट्या दुसऱ्या कुणाला तरी देऊ," ते म्हणाले. रागानं नव्हे, कामाचं बोलावं तसं. "तू केसपेपरच्या खिडकीवर बस थोडे दिवस." पूजा माझ्या पायापाशी खाली बसली होती. तिनं पट्टी उचलली आणि बांधायला सुरुवात केली. त्या दिवशी तिनं प्रत्येक वेढ्याला पट्टी डोळ्यांजवळ नेऊन चौकोन तपासला. तिचं डोकं माझ्या गुडघ्यापाशी वाकलेलं होतं, भांग सरळ, आणि मला वरून एवढंच दिसत होतं.

वर्गात माझा एक नियम होता. आपण होऊन खरं सांगेल त्याला शिक्षा नाही. उलट त्या दिवशी फळ्यावर तारीख लिहायचा मान त्याचा. पोरं घडाघडा सांगायची. गुरुजी, खडू मी मोडला. गुरुजी, त्याची पेन्सिल मीच घेतली. मला वाटायचं, मी त्यांना निर्भय करतोय. त्या आठवड्यात मला कळलं की सात वर्षांच्या पोराला जे जमायचं त्याला किती बळ लागत असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. घरी येऊन मी पट्टी सोडली नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. मुलांना सांगितलं, मला बरं नाही, गुरुवारी या. सृष्टीनं फाटकातून विचारलं, "पाय दुखतोय का, गुरुजी?" मी म्हणालो, सर्दी आहे. म्हणजे पुन्हा तेच. पट्टीच्या आत खाज उठायची, रात्रभर मुंग्या चढल्यासारखी, आणि मी अंथरुणात पायाखाली दोन उशा घेऊन पडून राहायचो. खरं सांगितलं तर काय होईल? डॉक्टर हसतील. म्हातारी माणसं अशीच, म्हणतील. आणि मला कळत होतं की मला शिक्षेची भीती नव्हतीच. त्या 'म्हातारी माणसं अशीच' या वाक्यात, उभा राहून शिकवणारा, शेऱ्यात दोन ओळी मिळवलेला एक माणूस कायमचा पुसला जाणार होता, त्याची भीती होती. त्याला वाचवायला मी त्या मुलीला खिडकीवर बसवत होतो. दाराशी.

गुरुवारी मी डॉक्टरांच्या खोलीतच आधी गेलो. पूजाला हाक मारली, ती दारात येऊन थांबली. बसा, डॉक्टर म्हणाले. मी उभा राहिलो, मग आठवलं आणि बसलो. "पट्टी मी रोज काढत होतो," मी म्हणालो. "चार आठवडे. साबणानं धुवायचो. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. हिचा काही दोष नाही." डॉक्टर हसले. अगदी मला वाटलं होतं तसंच हसले. "अहो गुरुजी, तुम्हीसुद्धा! का पण?" "वास येतो म्हणून. मुलं येतात शिकायला." "मग पट्टी दोनदा बदलू आठवड्यातून, वास घेणारं कोळशाचं पॅड मिळतं, ते लावू. एवढंच ना?" एवढंच. तीन मिनिटांत संपलं. "पूजा, तुझं खिडकीचं रद्द बरं का," असं म्हणून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

आत खाटेवर मी पाय पसरला. पूजा पट्टी सोडत होती. गोजरबाई आज नव्हत्या. त्यांची जखम भरली होती; भिंतीवरच्या बऱ्या झालेल्यांच्या यादीत त्यांचं नाव होतं. शेवटचा वेढा सुटल्यावर पूजा म्हणाली, "मला वाटलं, माझा हातच गेला." तिनं पट्टीची गुंडाळी केली. "घरी आईच्या पायावर बांधून बघत होते रोज, जेवणं झाल्यावर. तिला काही झालेलं नाही पायाला. ती म्हणायची, अगं मला कशाला बांधतीस? चौरस तर येत होते. तरी वाटायचं, आपल्याला दिसत नाहीत, आपलंच काहीतरी चुकतंय." मला माफी मागायची होती. शब्दही तयार होते, चांगले, व्याकरणशुद्ध. ते मी बोललो नाही, कारण ते पुन्हा मलाच शोभले असते. मी म्हणालो, "चूक तुझी नव्हती." "आता कळलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, आणि तो तिनं लपवला नाही, याचं मला बरं वाटलं. तिनं चौकोन मोजले. अठरा. "आठ दिवसांत एक गेला," ती म्हणाली. पण ऑगस्टमध्ये 'आठ गेले' म्हणताना झाला होता तसा तिचा चेहरा झाला नाही.

संध्याकाळी मुलं आली. रोज मी तसबिरीखाली बसायचो आणि मुलं फाटकाच्या बाजूला. आज मी माझी खुर्ची फाटकाशी, वाऱ्याच्या अंगाला आणली होती, समोर स्टूल, स्टुलावर पाय. मोजा नाही, अत्तर नाही; गुडघ्यापर्यंत पांढरी पट्टी आणि तिच्यावर निळसर चौकोन. मुलं फाटकातच अडखळली. मग एकेक जण माझ्या स्टुलाला वळसा घालून आत गेला. सृष्टी उदबत्ती हातात घेऊन तसबिरीपुढं उभी राहिली. तिला काहीतरी समजलं होतं. काडी पेटवावी की नाही हे तिला ठरवता येईना. "लाव," मी म्हणालो. "पण तिकडं नको. इथं, माझ्या पायापाशी लाव." तिनं मान खाली घातली. तिचे कान लाल झाले. "गुरुजी, आमी तसं नाय..." "वास येतो," मी म्हणालो. "येतो ना?" सगळे सृष्टीकडं बघायला लागले. मग ओम म्हणाला, "लई येतो." सृष्टीनं त्याला कोपर मारलं. "त्याला मारू नको. तो खरं बोलला. आज फळ्यावर तारीख तो लिहील."

त्यानं तारीख लिहिली, वाकडी, आणि महिना चुकवला. मग मी त्यांना पायातल्या दारांचं सांगितलं. रक्त रोज किती उंच चढतं, दारं का असतात, ती बिघडली की काय होतं, आणि ही पट्टी बाहेरून धरून त्यांना कशी मदत करते. दोन वर्षं माझ्याकडं हा इतका चांगला धडा होता आणि मी तो मोज्यात घालून बसलो होतो. आयत ओढला की चौरस होतो, हे सांगितल्यावर सगळ्यांना तो बघायचा होता, पण पुढं कुणी येईना. "दुखतं का?" सृष्टीनं विचारलं. नाही, हे तोंडापर्यंत आलं होतं. "हो," मी म्हणालो. सतरंजीवरून ओम उठला, आणि स्टुलापाशी येऊन उकिडवा बसला. एका हातानं त्यानं नाक घट्ट धरलं, उघडपणे, आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं, पट्टीला न लागता, खालून चौकोन मोजायला लागला. नाक धरल्यामुळं त्याचे आकडे गेंगाणे येत होते. सोळानंतर तो एकदम अठरा म्हणाला, मी म्हणालो, सतरा, आणि त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी पाय हलवला नाही.